बाजारातला अडलेला शब्द: अर्थ कसा शोधायचा आणि पक्का कसा करायचा

चिठ्ठीवर एक शब्द अडतो. तेवढ्याच शब्दाचा फोटो काढून पाच जणांना पाठवला जातो. संध्याकाळपर्यंत चार उत्तरं येतात, चारही वेगळी. त्यातलं जे सोयीचं वाटतं ते वहीत जातं. नाशिकमध्ये दुकानांचे हिशेब लिहिताना ही चूक मी इतक्यांदा निस्तरली आहे, की आता सगळा क्रमच लिहून काढतो आहे.

चूक विचारण्यात नाही, आधी विचारण्यात आहे. व्यापारातल्या शब्दाचा अर्थ म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं असतात: माल कोणाचा, पैसे कोण कोणाला देणार, आणि कधी. ही तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत शब्द कळला असं धरू नका, मग कोशात त्याला कितीही सुंदर प्रतिशब्द दिलेला असो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. मेन रोडवरच्या एका साडीच्या दुकानात येवल्याहून आलेली ही चिठ्ठी:

"मि. आश्विन शु. ८. पैठणी ४ नग, जां., ह. स्वतः, किं. ८८,०००."

खाली दुसऱ्या शाईत बारीक अक्षरात: "प. १".

दुकानातल्या नव्या मुलाने "जां." म्हणजे जांभळ्या असं वाचलं आणि ८८,००० रुपयांची खरेदी टाकून मोकळा झाला. मार्चमध्ये वर्षाचा हिशेब जुळवायला बसलो तेव्हा चिठ्ठी माझ्या हातात आली.

## तयारी: बसण्याआधी काय हाताशी हवं

पूर्ण कागद. नुसता शब्द नको, नुसती ओळही नको. कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, आणि त्याच माणसाकडून आलेले आधीचे-नंतरचे निदान दोन कागद. खतावणीत (खातेवार नोंदींच्या वहीत) शब्द सापडला असेल तर त्या पानाबरोबर पानाचं शीर्षक आणि मागची बाकी.

एक साधी वही. पान उभं चार भागांत आखा: शब्द जसा लिहिला आहे तसा, कुठे सापडला, माझा अंदाज, कोणी काय सांगितलं. चौथ्या रकान्यात सांगणाऱ्याचा धंदा लिहा. मका घेणाऱ्याने सांगितलेला अर्थ साडीच्या चिठ्ठीला लावला जातो तो हा रकाना नसल्यामुळे.

जुना कागद असेल तर पंचांगही लागेल. "आश्विन शु. ८" म्हणजे दसऱ्याच्या दोन दिवस आधी, एवढं तोंडपाठ असतं, पण मुदत मोजायची तर इंग्रजी तारीखच हवी.

## टप्पा १: शब्द जसाच्या तसा उतरवा

दुरुस्त करू नका. "जां." असेल तर "जां." लिहा, पुढचा टिंब आणि वरचा अनुस्वारही. टिंब म्हणजे शब्द पुढे तोडला आहे याची खूण असते. ती उतरवताना गळली की पुढचा शोध एका वेगळ्याच शब्दाचा होतो.

हिशेबाच्या वह्यांत तोडलेले शब्द ठरलेले असतात. "ह." म्हणजे हस्ते, ज्याच्या हातून व्यवहार झाला तो. "मि." म्हणजे मिती. "शु." आणि "व." म्हणजे शुद्ध आणि वद्य पक्ष. "कित्ता" म्हणजे वर लिहिलं तेच. हे आधी बाजूला काढले की खरा अडलेला शब्द एकटा उरतो. आमच्या चिठ्ठीत दोन उरले: "जां." आणि "प.".

मोडीतली वही असेल तर इथेच थांबून मोडी वाचणाऱ्याकडून अक्षरं लावून घ्या. त्याला अर्थ विचारू नका, फक्त अक्षरं विचारा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे एकाच लिखाणाचे दोन शब्द होऊ शकतात. दोन्ही उतरवा.

पडताळा: तोच हात दुसरीकडे रंग कसा लिहितो ते पाहा. येवल्याच्या त्याच व्यापाऱ्याच्या आधीच्या बिलावर "मोरपंखी", "राणी" असे रंग पूर्ण लिहिलेले होते, आणि नगाच्या आधी. "जां." नगाच्या नंतर होता. जांभळा तिथेच बाद झाला.

## टप्पा २: कागद कोणता, गाव कोणतं, साल कोणतं

शब्दाला बाजार असतो. "मोड" घ्या. गल्ल्यावर मोड म्हणजे सुट्टे पैसे. तांबट आळीत मोड म्हणजे जुनं भांडं, जे वजनावर घ्यायचं. घरात मोड मटकीला येतात. तीनही अर्थ बरोबर आहेत. कागद कुठल्या दुकानातला हे ठरल्याशिवाय एकही तुमच्या कामाचा नाही.

सालाने होणारा घोटाळा याहून मोठा. सराफ बाजारात आज "तोळा" म्हटलं की दहा ग्रॅम. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आजीच्या चिठ्ठीत "५ तोळे" लिहिलेलं असेल आणि चिठ्ठी मेट्रिक वजनं येण्याआधीची असेल, तर ते ५८ ग्रॅमहून थोडं जास्त होतं. आजच्या हिशेबाने तुम्ही ५० धराल. आठ ग्रॅम सोनं फक्त साल न पाहिल्यामुळे हरवतं. वाटणीच्या वेळी यावरून घरं दुखावलेली मी पाहिली आहेत.

दुसरं उदाहरण "लेव्ही". वयस्कर शेतकऱ्याला लेव्ही म्हटलं की सरकारला ठरल्या भावाने द्यावं लागणारं धान्य आठवतं. साखर कारखान्याच्या जुन्या कागदात लेव्ही म्हणजे रेशनसाठी राखून द्यायची साखर. ती अट २०१३ साली उठली. आणि आज नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समितीत लेव्ही म्हणजे १९६९ च्या माथाडी कायद्याखाली हमालांच्या मजुरीवर टक्केवारीने धरून माथाडी मंडळाकडे भरायची रक्कम. एप्रिल २०२४ मध्ये जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव अडले ते हमाली-तोलाई आणि याच लेव्हीच्या वादावरून. तेव्हा काही घरांत "पुन्हा धान्याची लेव्ही आली का?" असा प्रश्न विचारला गेला. शब्द तोच, कागद वेगळा.

आडतीचंही, म्हणजे माल विकून देण्याच्या दलालीचंही, तसंच. फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हा बदल महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये झाला. त्याआधीच्या टोमॅटोच्या हिशेबपट्टीत आडत शेतकऱ्याच्या रकमेतून वजा दिसेल. नंतरच्या पट्टीत ती तशी दिसली, तर प्रश्न शब्दार्थाचा राहत नाही, कपातीचा होतो.

खबरदारी: वहीच्या दुसऱ्या रकान्यात कागदाचा प्रकार, गाव आणि साल हे तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. साल कळत नसेल तर "अमुक ते अमुक यांच्या दरम्यान" एवढं तरी लिहा.

## टप्पा ३: आकडे मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात. शब्द खरं वाटेल असं काहीही सुचवू शकतो; बेरीज-वजाबाकी तसं करू देत नाही.

मक्याच्या एका हिशेबपट्टीवर "कडता" अडला होता. भाव २,०५० रुपये क्विंटल. काट्यावरचं वजन १८.६० क्विंटल. त्याखाली "कडता ०.२०". मग ढोबळ रक्कम ३७,७२०. आता करून बघा. १८.६० ला २,०५० ने गुणलं तर ३८,१३० येतात. १८.४० ला गुणलं तर बरोबर ३७,७२०. म्हणजे कडता पैशातून गेलेला नाही, वजनातून गेला आहे. कोणालाही न विचारता निम्मा अर्थ हातात आला: ओल, माती, बारदान अशा कारणाने वजनात धरलेली घट. त्या शेतकऱ्याचा मुलगा मात्र "वीस पैसे कापले, जाऊ दे" म्हणत होता. कापले गेले होते ४१० रुपये.

पद्धत अशी:

पहिल्यांदा शब्दासमोरच्या आकड्याचं एकक ठरवा. रुपये, किलो, नग, दिवस की टक्के? मग तो आकडा मिळवल्यावर खालची रक्कम जुळते, की वजा केल्यावर, की त्याचा रकमेशी संबंधच नाही, हे तिन्ही करून पाहा. संबंध नसेल तर शब्द बहुतेक अट सांगतो, रक्कम नाही.

बिल जीएसटीचं असेल तर एचएसएन कोड बघा. माल कुठला हे तो सांगतो. ०७०३ ला ताजा कांदा-लसूण येतो, ७११३ ला दागिने, ७४१८ ला तांब्याची घरगुती भांडी. मालाचं नावच अडलं असेल तर निम्मं काम इथे होतं.

आमच्या चिठ्ठीकडे या. ८८,००० भागिले ४ म्हणजे नगाला २२,०००. "जां." समोर आकडा नाही, म्हणजे हा शब्द अट सांगतो आहे. मग कपाट उघडून पैठण्या मोजल्या. दोन निघाल्या. विक्रीच्या बिलांत एक सापडली. तीन झाल्या. चौथी कुठे? "प. १".

पडताळा: माल अजून शिल्लक असेल तर तो हाताने मोजा. कागदावरचा शब्द समजायला कपाटातला माल फार उपयोगी पडतो.

## टप्पा ४: अंदाज लिहा, मगच कोणाला विचारा

छोटा टप्पा, पण गाळू नका. तिसऱ्या रकान्यात पूर्ण वाक्य लिहा: "असा शब्द असला की अमुक माणूस अमुक वेळी अमुक करतो." माझं वाक्य होतं: "जां. असेल तर माल दुकानात येतो पण विकत घेतलेला नसतो. नको असेल तो परत जातो, आणि प. म्हणजे परत."

लिहून ठेवलं नाही तर पहिला सांगणारा जे सांगेल तेच आपल्याला आधीपासून वाटत होतं असं वाटायला लागतं.

## टप्पा ५: कोश कोणता, आणि कोणत्या क्रमाने

व्यापारी शब्दासाठी मी आधी जुने कोश उघडतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती. मग दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळातला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. महसूल किंवा कोर्टाच्या कागदातला शब्द असेल तर विल्सनचा १८५५ चा कोश. ज्यांना छापील पान हातात घेऊन बघायचं असेल त्यांनी नाशिकच्या 'सार्वजनिक वाचनालय' या ग्रंथालयात जावं. १८४० पासूनची संस्था आहे, आणि तिथे निवांत बसून पानं उलटता येतात. नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटिअरही बघा. सावकारी, व्यापार, वजनंमापं यांबद्दल त्यात तपशील आहेत. जुन्या वहीला त्याचा आधार मिळतो.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश चांगले आहेत, पण त्यांचं काम उलट दिशेचं आहे. इंग्रजी संज्ञेला कारभाराचा मराठी शब्द ते देतात. बाजारातल्या दिवाणजीने काय लिहिलं ते त्यात शोधायला जाऊ नका.

शोधताना एकच रूप टाकू नका. "जां." ने सुरू होणारा आणि माझ्या अंदाजात बसणारा शब्द म्हणजे "जांगड". तो मिळाला नाही तर "जांकड", मग हिंदीतला "जाकड". ग आणि क, व आणि ब, ड आणि ळ यांची अदलाबदल करून बघा. आणि गुजरातीत बघा. नाशिकच्या पेठेत मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या आहेत. वहीतले बरेच शब्द त्यांच्याबरोबर आले. संगणकातल्या हिशेबात "कसर-वटाव" नावाचं खातं दिसलं की लोक कसर म्हणजे काटकसर समजतात. ते खातं किरकोळ तोडजोडीच्या आणि सुटीच्या रकमांचं असतं: बिल १०,०१२ चं, घेतले १०,०००, वरचे १२ कसर-वटावात. "वटाव" शब्दाचा मराठीतला सख्खा नातेवाईक तुम्ही रोज वापरता. चेक वटला म्हणतो ना, तोच.

"जांगड" जुन्या कोशांत आहे. खरेदी नक्की न ठरवता दुकानातून नेलेला माल, हा गाभा तिथे कळतो. माझा अंदाज जुळला. पण मुदत किती, माल खराब झाला तर कोणाचा, बिल कधी, हे कोश सांगत नाही. ते त्याचं काम नाही.

खबरदारी: पुस्तकातला अर्थ आणि बाजारातला अर्थ उलटेही असू शकतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या खरेदी आदेशावर "एफओआर नाशिक" असतं. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या जुन्या इन्कोटर्म्समध्ये, म्हणजे माल पोचवण्याच्या अटींच्या ठरलेल्या संज्ञांमध्ये, एफओआर म्हणजे निघण्याच्या स्टेशनवर माल रेल्वेच्या ताब्यात दिला की विक्रेता मोकळा. १९९० च्या आवृत्तीत ती संज्ञाच काढली गेली. आपल्याकडे मात्र "एफओआर नाशिक" म्हणजे नाशिकपर्यंतचं भाडं विक्रेत्याच्या किमतीत धरलेलं. पुस्तक वाचून भाडं वेगळं लावलं तर तुमचं बिल परत येणार.

## टप्पा ६: कायद्यात आणि परिपत्रकात शोधा

बाजारातले शब्द सरकारी कागदात येत नाहीत, हा समज सोडा. उत्तम उदाहरण कच्च्या आणि पक्क्या आडतीचं. नवशिक्याला वाटतं कच्ची म्हणजे बिनपावतीची. तसं नाही. कच्चा आडत्या दुसऱ्यासाठी, दलालीवर माल विकतो. पक्का आडत्या समोरच्याला स्वतः जबाबदार असतो, जणू मालक. आयकराच्या ऑडिटसाठी उलाढाल मोजताना कच्च्याची फक्त दलाली धरायची आणि पक्क्याची पूर्ण विक्री धरायची, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १७ मार्च १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४५२ मध्ये आहे. शब्दाचा अर्थ चुकला तर ऑडिट लागतं की नाही हेच चुकतं.

हुंडीवरच्या "शहाजोग" (पैसे प्रतिष्ठित माणसालाच द्यायचे), "दर्शनी" (दाखवताच पैसे द्यायचे) यांसारख्या शब्दांना १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याने देशी भाषेतल्या हुंड्यांचा स्थानिक रिवाज म्हणून जागा ठेवली आहे. आणि वाद कोर्टात गेला तर धंद्यातल्या, स्थानिक किंवा तोडून लिहिलेल्या शब्दाचा अर्थ पुराव्याने दाखवता येतो. जुलै २०२४ मध्ये रद्द झालेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९८ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं; त्याच्या जागी आता भारतीय साक्ष्य अधिनियम आहे. म्हणून तुमची चार रकान्यांची वही जपून ठेवा.

जांगडीचं बघू. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २४ पसंतीवर दिलेल्या मालाबद्दल आहे. घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा माल आपलासा केला असं काही कृत्य केलं, की मालकी त्याच्याकडे जाते. काही न बोलता ठरल्या मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला तरी जाते. मुदत ठरली नसेल तर वाजवी काळ धरायचा. जीएसटीच्या केंद्रीय कायद्यात, कलम ३१ च्या पोटकलम ७ मध्ये, असा माल पाठवल्यापासून सहा महिने किंवा पसंती ठरण्याची वेळ, यातलं जे आधी येईल तोपर्यंत बिल करायचं आहे. माल जातो तो डिलिव्हरी चलनावर, म्हणजे बिलाआधीच्या पाठवणीच्या कागदावर.

आता आपल्या चार पैठण्या. एक परत गेली. एक दुकानाने ग्राहकाला विकली. विकणं म्हणजे आपलीशी करणं, त्यामुळे तिचं बिल विकल्या दिवशीच व्हायला हवं होतं. दोन कपाटात, अजून येवल्याच्या व्यापाऱ्याच्या, आणि सहा महिने भरायला थोडेच आठवडे उरलेले. वहीत मात्र चारही खरेदी म्हणून ८८,००० ला. खरं देणं २२,०००. दुकानाचा साठा आणि देणं, दोन्ही फुगलेली.

पडताळा: कायद्याचं कलम सापडलं म्हणून शब्द त्याच अर्थाने वापरला आहे असं होत नाही. कलम "काय झालं तर काय" हे सांगतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याने तेच मनात धरलं होतं का, ते पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ७: माणसांना विचारा, पण हा प्रश्न नको

"याचा अर्थ काय?" असं विचारू नका. माणूस भिडेखातर काहीतरी सांगतो, आणि जाणकार माणूस तर छोटासा कोशच बोलून दाखवतो. विचारा: "असा कागद आला तर तुम्ही काय करता?" हातांना माहीत असतं ते तोंडाला सांगता येत नाही. करून दाखवायला सांगितलं की बाहेर येतं.

वेळ बघा. लिलाव चालू असताना बाजार समितीत मापाऱ्याला गाठू नका. सराफाकडे संध्याकाळी गर्दीत नको. दुपारी दोन ते चार बरी.

निदान तीन बाजूंना विचारा: देणारा, घेणारा, आणि लिहिणारा. हमालीच्या शब्दांसाठी हमालांचा मुकादम हा चौथा. "वाराई" कशाबद्दल घेतात हे व्यापारी आणि ट्रकवाला दोन तऱ्हांनी सांगतील. ज्याने गाडीत उभं राहून माल उचलून दिला, तो नेमकं काम सांगेल.

मी त्या चिठ्ठीचा फोटो घेऊन शेजारच्या जुन्या पेढीवर गेलो. तिथले दिवाणजी सत्तरीच्या पुढचे. "काका, अशी चिठ्ठी आली तर कुठल्या वहीत लावता?" एवढंच विचारलं. त्यांनी फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. गादीखालून एक लांबट, अरुंद वही काढली. पानावर तीन रकाने हाताने आखलेले: आलेले, परत, ठरलेले. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही जांगडवही. खरेदीच्या वहीत हे कधीच जात नाही. ठरलं की रेघ मारायची आणि मग तिकडे न्यायचं." मग चष्मा काढून विचारलं, "बाळा, मुदत काय ठरली होती?"

चिठ्ठीत मुदत नव्हती. त्यांच्या वहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी होती.

येवल्याच्या व्यापाऱ्याला त्याच दुपारी फोन लावला. त्यालाही अर्थ न विचारता विचारलं, "दादा, तुमच्या वहीत आमच्याकडे काय बाकी दिसतंय?" तो म्हणाला, "जांगडीत तीन नग. एक कार्तिकात परत आला." पैशाची बाकी त्याने सांगितलीच नाही, कारण त्याच्या लेखी ती अजून नव्हती. त्या न सांगण्यानेच अर्थ पक्का झाला. एक विकली गेल्याचं त्याला कोणी कळवलंच नव्हतं.

खबरदारी: दोन माणसांनी एकच अर्थ सांगितला म्हणून दोन पुरावे होत नाहीत. दोघं एकाच पेढीत शिकलेले असतील तर तो एकच पुरावा. चौथ्या रकान्यात म्हणून धंद्याबरोबर "कुठे शिकला" हेही लिहितो.

## टप्पा ८: अर्थ घालून वाचा, आणि मोडायचा प्रयत्न करा

शब्दाच्या जागी अर्थ घालून पूर्ण कागद मोठ्याने वाचा. "पैठणी चार नग, पसंतीवर, खरेदी न ठरवता, स्वतः नेले, किंमत ८८,०००, परत एक." वाचताना अडखळला नाहीत तर ठीक.

मग त्याच हाताचे दुसरे दोन कागद घ्या आणि तिथे तोच अर्थ बसतो का बघा. एका ठिकाणी जरी बसला नाही तर अर्थ दुरुस्त करा, कागद नाही. लोक इथे उलट करतात. "त्याने चुकून लिहिलं असेल" म्हणतात. तीस-चाळीस वर्षं तोच शब्द लिहिणारा माणूस फार क्वचित चुकतो.

शेवटी उलटा प्रश्न विचारा: हा अर्थ चुकीचा असता तर कागदावर काय दिसलं असतं? पक्की खरेदी असती तर बिल असतं, जीएसटी असता, आणि "परत" ऐवजी परतीचं बिल किंवा क्रेडिट नोट असती. यातलं काहीच नव्हतं.

## टप्पा ९: नोंद अशी लिहा

शब्द समजला की त्याच दिवशी लिहा. नुसता प्रतिशब्द नको. माझी नोंद:

"जांगड (जां.): विक्रेत्याकडून पसंतीवर आलेला माल. मालकी विक्रेत्याची, पसंती किंवा विक्री होईपर्यंत. खरेदीत घेऊ नये, वेगळी वही. मुदत चिठ्ठीवर लिहून घ्यावी. विकला गेलेला नग त्याच दिवशी कळवावा, बिल मागावं. बाजार: साडी, येवला-नाशिक. आधार: आधीची बिलं, जुने कोश, माल विक्री कायदा कलम २४, पेढीवरची वही, विक्रेत्याची बाकी."

"बाजार" ही ओळ अजिबात सोडू नका. याच शब्दाला हिऱ्याच्या बाजारात वेगळी मुदत आणि वेगळा रिवाज असतो. उद्या कोणी तुमची नोंद तिकडे लावली तर चूक तुमच्या नावावर.

दुकानाच्या वहीत आम्ही ८८,००० ची खरेदी उलटवली, एका नगाचं बिल मागवून २२,००० ची टाकली, आणि दोन नगांसाठी नवी वही आखली. त्या नव्या मुलानेच आखली. चार रकान्यांची, चौथा मुदतीचा.

## सगळं करूनही शब्द उलगडला नाही तर

असं होतं. लिहिणारा हयात नसतो, पेढी बंद झालेली असते. अशा वेळी शब्द अवतरणचिन्हात जसाच्या तसा ठेवा, समोर तुमचा अंदाज "अंदाज" असं लिहूनच द्या, आणि रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, ठेवा. खरेदी, खर्च किंवा उधारीत ढकलू नका.

पाठवणारा हयात असेल पण फोनवर गोलमोल बोलत असेल, तर त्याला लेखी पाठवा आणि उत्तरही लेखी घ्या. मोबाइलवरचा निरोप चालेल. मजकूर इतका पुरतो: "अमुक मितीच्या चिठ्ठीवरील 'अमुक' या शब्दाचा अर्थ आम्ही असा धरला आहे: माल अमक्याचा, रक्कम इतकी, देण्याची तारीख अमुक. बरोबर असल्यास कळवावे, नसल्यास दुरुस्त करून पाठवावे." उत्तर आलं की चिठ्ठीच्या मागे टाचणीने लावा, आणि टाचण्याआधी दोन्हींचा एकत्र फोटो काढा.